आईच्या बोलण्याखालच्या ओळी

१० जून २०२४
पुरुषोत्तमनगर

पहिल्याच व्हिडिओत मिस्टर डेल सांगतात, की मुलांना घरी शिकवणाऱ्या पालकाने एक वही ठेवावी आणि तीत जे झालं तेच लिहावं, जे व्हायला हवं होतं ते लिहू नये. म्हणून ही वही.

दामिनीचं नाव शाळेतून काढून आज आठ दिवस झाले. त्याच शाळेत मी चौदा वर्षं इतिहास शिकवला, तोही विनाअनुदानित, म्हणजे पगार येईल तेव्हा आणि येईल तेवढा. एवढं सोसलं, पण स्मरणिकेचं सोसवलं नाही. मी सातपुड्यातल्या आमच्या वाडवडिलांवर लेख दिला होता. जंगल खात्यापुढे ते कसे ताठ उभे राहिले, कोण तुरुंगात गेलं, सगळं गावोगाव हिंडून, विचारून लिहिलं होतं. छापून आलं तेव्हा त्यात ‘भोळेभाबडे, अडाणी आदिवासी बांधव’ असं तीन ठिकाणी होतं आणि खाली नाव माझं, उदेसिंग रेवजी पावरा. मुख्याध्यापकांना विचारलं, तर म्हणतात, ‘‘सर, अर्थ तोच आहे. भाषा फक्त जरा गोड केली.’’ मी ती स्मरणिका स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर फाडली. पुढे राजीनामा मी दिला की त्यांनी घेतला, यावर शहाद्यात दोन मतं आहेत.

त्यांच्या हाताखाली माझी पोरगी शिकणार नाही. आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पास्टर अमृतनी हा कोर्स दाखवला. अमेरिकेतली ख्रिस्ती कुटुंबं मुलांना घरीच शिकवतात, त्यांच्यासाठी केलेला. बत्तीस पाठ, दर आठवड्याला एक व्हिडिओ, जगाच्या उत्पत्तीपासून आजपर्यंतचा सगळा इतिहास एका वर्षात. पांढऱ्या दाढीचे मिस्टर डेल एका लाकडी गोठ्यापुढे उभे राहून शिकवतात. गणित, विज्ञान मी घेईन. दहावी मुक्त विद्यालयातून देता येते.

माझ्या बायकोला, ममताला, हे पटलेलं नाही. ती शहाद्याच्या एका दवाखान्यात नर्स आहे, मोजकं बोलते. म्हणाली, ‘‘एक वर्ष. मार्चपर्यंत चारचौघांत दाखवण्यासारखं काही झालं, तर चालू ठेवा. नाहीतर जूनमध्ये पोरगी शाळेत. आणि तिला पण विचारायचं.’’

मी म्हटलं, मंजूर. तेरा वर्षांच्या पोरीला काय विचारायचं, ते तेव्हा पाहू.

१७ जून

हॉलच्या भिंतीवर चौदा फूट कागद चिकटवला. ही काळाची पट्टी. दर पाठाला एक चित्र छापायचं, कापायचं आणि आपल्या सालावर डकवायचं. पहिल्या आठवड्यात आदाम, हव्वा आणि नोहाचं तारू बसलं. दामिनीने तारवात दोन बकऱ्या जास्तीच्या काढल्या. चालेल.

शेजारच्या तापीबाई दारातून डोकावल्या. ‘‘मास्तर, पोर शाळामा का बरं जात नही? काही दुखस का तिले?’’

मी सांगितलं, तिची शाळा आता घरीच.

‘‘घरमा बठीसन टीव्ही देखस, त्याले शाळा म्हनतस का आते?’’ असं म्हणून त्या पूर्ण पाठ बघत बसल्या आणि जाताना म्हणाल्या, दाढीवाला बाबा भला माणूस दिसतो. शाळेची मान्यता मिळाली म्हणायची.

२ जुलै

तिसरा पाठ. असा पाठ मी चौदा वर्षांत एकदाही घेतला नाही, याची लाज वाटली. मिस्टर डेल म्हणतात, इतिहासातली कुठलीही गोष्ट खरी मानण्याआधी तीन प्रश्न विचारा. कोणी सांगितलं? कोणी लिहून घेतलं? लिहिणाऱ्याला त्यातून काय मिळालं?

दामिनीने हे तिन्ही प्रश्न लाल स्केचपेनने पट्टीच्या वर लिहून ठेवले. मी तिला स्मरणिकेचं उदाहरण दिलं. कोणी सांगितलं, मी. कोणी लिहिलं, मुख्याध्यापकाने. त्याला काय मिळालं, संस्थाचालकांची शाबासकी. पोरगी म्हणाली, ‘‘पप्पा, हे तुम्ही सातव्यांदा सांगताय.’’

सात वेळा सांगावं लागतं, कारण कोणी ऐकत नाही.

१९ जुलै

आईला पाड्यावरून खाली आणलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एक डोळा परवा नंदुरबारला झाला, दुसरा सप्टेंबरात. तोवर इथेच राहील. डॉक्टर म्हणाले, धूर, धूळ, जीपचा प्रवास, सगळं बंद.

मला वाटलं होतं तिचा वेळ जाणार नाही. पण ती हिरवी पट्टी लावून टीव्हीसमोर बसते आणि मिस्टर डेल आले की त्यांना हात जोडते. पांढरी दाढी म्हणजे मोठा माणूस, एवढं तिला पुरतं. इंग्रजी तर सोडाच, तिला मराठीही बाजारापुरतीच येते. दामिनीला कोपराने ढोसून विचारते, काय म्हणतोय? आणि ती सांगत बसते.

घरात आमची पावरी बोली वापरायची नाही हा माझा नियम आहे. ममता नवापूरकडची, तिची बोली वेगळी, माझी वेगळी. म्हणून घरात मराठी आणि अभ्यासाला इंग्रजी. मी सहा वर्षांचा असताना धडगावच्या बोर्डिंगात गेलो आणि तिथे पावरी शब्दाला एक छडी होती. त्या छडीमुळेच मी मास्तर झालो. दामिनीला मी छडी मारत नाही, फक्त सांगतो.

४ ऑगस्ट

आज पाठात वंशावळ होती. अमक्यापासून तमका, तमक्यापासून फलाणा. मुलांना कंटाळा येणारा भाग, मलाही येतो. आई मात्र पुढे सरकून बसली. दामिनी एकेक नाव सांगत होती आणि आई बोटांवर मोजत होती. संपल्यावर आई स्वतःचीच काही नावं म्हणायला लागली. मी आतून ओरडलो, ‘‘मराठीत बोला.’’ दोघी टीव्हीकडे वळल्या. मग पुन्हा कुजबुज.

पोरीची पावरी सुधारतेय आणि इंग्रजी तिथेच आहे. हे मिस्टर डेलना कसं सांगू?

२३ ऑगस्ट

तापीबाई शेतातली कणसं घेऊन आल्या. ‘‘डोकरीमायकरता भुट्टा लई उनू.’’ गॅसवर भाजली, वास घरभर. आईने हात लावला नाही. कालही नाही, परवाही नाही. काकडी दिली, तीही नको म्हणाली. जुन्या ज्वारीची भाकरी आणि तुरीची डाळ, बस्स. मी विचारलं, दात दुखतात का? हसली फक्त. ममताला म्हटलं, साखर तपासून घे. तपासली, व्यवस्थित आहे.

म्हाताऱ्या माणसांचे नखरे लहान पोरांसारखे असतात. इकडे मी हौसेने सगळं आणून द्यायचं आणि तिकडे ताट तसंच.

८ सप्टेंबर

सकाळी मागच्या अंगणात कडुलिंबाखाली पळसाचं पान, त्यावर शिजवलेले मक्याचे दाणे, काकडीची फोड. बाजूची माती ओली. मुंग्यांची रांग लागलेली. दामिनीला रागावलो, अन्न असं टाकतात का? ती आईकडे बघत राहिली. मी झाडून काढलं.

दुपारी मात्र आईने एकदम दोन कणसं खाल्ली, आवडीने. दोन आठवडे नको नको म्हणणारी बाई. भूक लागली असेल.

६ ऑक्टोबर

दुसरा डोळा झाला, आई परवा पाड्यावर गेली. दामिनीचं तोंड तेव्हापासून पुरीसारखं फुगलेलं आहे.

या आठवड्यात काळाच्या पट्टीवर भारत आला. अकरा मिनिटं. त्यात पाच मिनिटं हत्ती. पाठाच्या शेवटी मिस्टर डेल म्हणाले, ज्या लोकांनी काही लिहून ठेवलं नाही त्यांचा इतिहास नसतो, त्यांच्या दंतकथा असतात. दामिनी म्हणाली, ‘‘मग आजी?’’

मी गंमत केली, ‘‘आजी म्हणजे दंतकथा. दोन दात उरलेत.’’

ती हसली नाही. पूर्वी माझ्या विनोदांना हसायची.

काल शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला माझ्याच जुन्या शाळेतले भीमसिंग सर आले. वही उघडून दारात उभे, डोळे भिंतीवरच्या नोहावर. म्हणाले, ‘‘सर, काय लिहू? मूल शाळेत आहे की शाळाबाह्य?’’ मी म्हटलं, मूल इतिहासात आहे, असं लिहा. बिचाऱ्यांनी रकाना कोरा सोडला. मागून ममता म्हणाली, ‘‘त्यांची काय चूक?’’

चूक कोणाचीच नसते. शिव्या खाणारा तेवढा मी.

१२ डिसेंबर

घरात शांतता आहे, म्हणजे बायको बोलत नाही. दामिनी संध्याकाळी फाटकाशी उभी राहून सायकलवरून घरी येणाऱ्या पोरी बघते. आज विचारत होती, शाळेच्या क्रीडा महोत्सवाला नुसतं बघायला जाऊ का? मी म्हटलं, जा. ती गेली नाही. म्हणाली, तिथे सगळे विचारतील.

ममताने सकाळी डबा भरताना एवढंच म्हटलं, ‘‘मार्च जवळ आला.’’

पण आता एक आशा आहे. अठ्ठाविसाव्या पाठाचा प्रकल्प असा, की घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला बोलतं करा, व्हिडिओ काढा, खाली इंग्रजीत ओळी लिहा आणि पाठवा. त्यातले बारा निवडून मार्चमध्ये समारोपाला जगभरच्या कुटुंबांना दाखवणार. चारचौघांत दाखवण्यासारखं म्हणजे आणखी काय असतं?

आणि माझ्याकडे गोष्ट तयार आहे. मंडळीत मी साक्ष देतो ती. वडील रेवजी आणि आई रूपलीबाई एकाच दिवशी ओढ्याच्या पाण्यात उतरले, बाप्तिस्मा घेतला, मी तेव्हा तान्हा होतो. ही साक्ष मी वीस वर्षं देतोय. पास्टर अमृत ती दुसऱ्या मंडळ्यांतही सांगतात. आईने ती कॅमेऱ्यासमोर सांगायची, एवढंच बाकी.

२० जानेवारी २०२५

काल पाड्यावर जाऊन आलो. धडगावपर्यंत बस, पुढे जीप, जीपमध्ये सतरा जण आणि एक कोंबडा. आईला घरापुढे खाटेवर बसवलं. मोबाइल दामिनीने धरला. मी म्हटलं, आई, बाबा पाण्यात उतरले तो दिवस सांग.

आई पावरीत बोलली. इथे मराठीत लिहितो, जसंच्या तसं, कारण वहीत तसंच लिहायचं असतं.

‘‘मी रूपली. रेवजीची बायको. आमच्यात आधीच्यांना आधी. नवं पीक आलं, की पहिला घास त्यांचा. त्यांची नावं घ्यायची, जमिनीवर धार सोडायची, मग आपण खायचं. त्याआधी खाल्लं तर ते उपाशी राहतात. सासूने मला नावं दिली. सात पिढ्यांची आहेत.’’ आणि तिने सातही नावं सांगितली. मला त्यातली दोन माहीत होती.

‘‘मग रेवजी आजारी पडला. येशूची माणसं आली, त्यांनी त्याला खांद्यावर घालून दवाखान्यात नेलं, आठ कोस. तो जगला. म्हणाला, मी त्यांच्या देवाचा झालो. मी म्हटलं, हो. ज्याने जगवलं त्याचं व्हावं. ओढ्यावर जायचा दिवस आला तेव्हा त्याने मला विचारलं, तू येतेस? मी म्हटलं, दोघंही गेलो तर यांची नावं कोण घेईल? तो म्हणाला, बरोबर आहे, तू राहा. तो पाण्यात उतरला. मी काठावर होते, उदेसिंग माझ्या कडेवर. त्याने मला कधी ओढलं नाही, मी त्याला कधी अडवलं नाही. रविवारी त्याचा सदरा मीच धुऊन द्यायची.

‘‘आता तो मातीत आहे. मी नावं घेते तेव्हा त्याचंही घेते, शेवटी. आठवं. त्याच्यासाठीही धार सोडते. येशूचा झाला म्हणून काय त्याला तहान लागत नाही?’’

चौदा मिनिटं. दामिनीचा हात एकदाही हलला नाही. मी खाटेच्या मागे उभा होतो. त्रेचाळीस वर्षांचा माणूस आणि मला आज कळतंय की माझी आई काठावर होती. सुट्टीला घरी यायचो तो दिवाळीला आणि उन्हाळ्याला. नवं पीक येतं तेव्हा मी बोर्डिंगात असायचो.

मी विचारलं, कधी सांगितलं का नाहीस?

म्हणाली, ‘‘तू कधी विचारलंस?’’

२ फेब्रुवारी

व्हिडिओ दोन आठवडे मोबाइलमध्ये पडून आहे. तसाच पाठवला तर? पास्टर अमृत बघतील. वीस वर्षांची साक्ष खोटी ठरेल. मी खोटं बोललो नाही, मला माहीतच नव्हतं. पण हे कोण ऐकणार? शहाद्यात माझी आधीच पुरेशी शोभा झाली आहे. आणि त्या कोर्सवाल्यांना धारबीर कळायची नाही. बारांत येणार नाही. मग जून आणि मग त्याच मुख्याध्यापकाच्या दारात पोरीचा हात धरून मी. ते मी करणार नाही. ते मला मेल्यासारखं आहे.

दामिनी म्हणाली, खालच्या ओळी मी लिहिते, मला येतं. मी म्हटलं, तुझं इंग्रजी अजून कच्चं आहे, मी लिहितो.

९ फेब्रुवारी

ओळी लिहून झाल्या. काही ठिकाणी सुधारल्या. पहिल्या दहाबारा ओळी अगदी तिच्या आहेत. सात नावांच्या जागी ‘आमचे पूर्वज अंधारात होते’ एवढंच घेतलं, नावं कोणाला कळणार? ‘मी काठावर होते’ तिथे ‘मीही त्याच्या मागोमाग पाण्यात उतरले’. शेवटी ‘त्याला तहान लागत नाही का?’ याचं ‘आता त्याला कधीच तहान लागत नाही’ असं केलं. एका शब्दाचा तर फरक. उलट वाचायला फार सुंदर झालं आहे, पवित्र शास्त्राला धरून आहे.

मी चौदा वर्षं पोरांची उत्तरं सुधारली. पोराला म्हणायचं असतं एक आणि तो लिहितो भलतंच, मास्तरने त्याच्या मनातलं ओळखायचं असतं. आई मनाने पाण्यात उतरलीच होती. नाहीतर रविवारी सदरा कशाला धुतला असता?

दामिनीने ओळी बघायला मागितल्या. म्हटलं, पाठवून झाल्या. तिने विचारलं, सगळं लिहिलं ना? मी म्हटलं, ‘‘अर्थ तोच आहे.’’

झोप मात्र लागत नाही. पित्त असेल.

११ मार्च

बारांत आलो! इमेलमध्ये मिस्टर डेलनी स्वतः लिहिलं आहे, की शेवटचं वाक्य वाचून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी इमेल छापून फ्रिजवर लावली.

ममताने ती उभ्याने वाचली आणि म्हणाली, ‘‘ठरलं होतं तसं. चालू ठेवा.’’ दिलेला शब्द ती मोडत नाही, तिचं हे मानलं पाहिजे. दामिनी आत होती. तिला हाक मारून सांगितलं, पुढचं वर्षही घरीच. म्हणाली, ‘‘मला विचारायचं होतं ना?’’ मी म्हटलं, अगं, जिंकल्यावर काय विचारायचं?

समारोप २३ तारखेला, त्यांच्याकडे शनिवार रात्र, आपल्याकडे रविवार सकाळी साडेसहा. आईला आणायचं. होळी झाल्याशिवाय ती पाडा सोडत नाही, पण होळी तेरालाच आहे.

२३ मार्च

जे झालं ते लिहितो.

सहालाच सगळे जमले. पास्टर अमृत उपासनेआधी म्हणून कोट घालूनच आले. तापीबाई आपल्या ओट्यावरून सरळ पुढच्या खुर्चीत. आई नवं लुगडं नेसून जमिनीवर, टीव्हीसमोर, तिच्या नेहमीच्या जागी. तिच्या खांद्याला खांदा लावून दामिनी, तीही तिच्या नेहमीच्या जागी. हे मला तेव्हाच दिसायला हवं होतं.

आमचा नंबर सातवा. पडद्यावर आईचा चेहरा आला, पाठीमागे आमचं कुडाचं घर. आई स्वतःला बघून लाजली, पदर पुढे ओढला. आवाज चालू झाला. पास्टर ओळी वाचत होते, मान हलवत होते. तापीबाईंनी विचारलं, ‘‘काय सांगी ऱ्हायनी डोकरी? माले काहीच समजत नही.’’

आईने दामिनीला कोपराने ढोसलं. तसंच, जसं जुलैपासून ढोसत होती. माझ्या तोंडाखाली काय लिहिलंय?

मी घाईने म्हटलं, ‘‘तू बोललीस तेच.’’

पण दामिनीने वाचायला सुरुवात केली होती. इंग्रजीतली ओळ वाचायची आणि पावरीत सांगायची. आवाज चढवला नाही, अडखळली नाही. आदाम, नोहा, रोम जसं सांगायची तसंच सांगत गेली. इतकी स्वच्छ पावरी मला येत नाही.

‘‘लिहिलंय, आमचे आधीचे लोक अंधारात होते.’’

आई म्हणाली, ‘‘नावं?’’

‘‘नावं नाहीत.’’

‘‘पुढे?’’

‘‘लिहिलंय, मीही त्याच्या मागोमाग पाण्यात उतरले.’’

आई पडद्याकडे बघत राहिली. पडद्यावरची आई तेव्हा हाताने काठ दाखवत होती.

‘‘लिहिलंय, आजोबांना आता कधीच तहान लागत नाही.’’

पडद्यावर टाळ्यांची चिन्हं उडायला लागली, शेकड्यांनी. मिस्टर डेल डोळे पुसत होते. पास्टर अमृत म्हणाले, ‘‘आमेन,’’ आणि उठून माझा हात हातात घेतला. त्यांना पावरी येत नाही. ममतालाही येत नाही, पण ती टीव्हीकडे बघतच नव्हती. ती दामिनीच्या तोंडाकडे बघत होती, आणि मग माझ्याकडे.

आई सावकाश माझ्याकडे वळली. तिचे दोन्ही डोळे आता चांगले आहेत. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, ‘‘तुझा बाप पाण्यात उतरला, पण उतरण्याआधी त्याने मला विचारलं होतं. तू मला न विचारता ढकललंस.’’

मग तिने दामिनीला विचारलं, पाणी कुठे आहे? प्यायचं असेल असं मला वाटलं. तांब्या घेऊन ती मागच्या अंगणात गेली. दामिनी तिच्यामागे. कडुलिंबाखाली दोघी बसल्या. आई एकेक नाव घेत होती, थेंब थेंब सोडत होती आणि दामिनी तिच्या मागोमाग म्हणत होती. आठही. पोरीला सगळी पाठ होती.

मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं. मला बाहेर जाता आलं नाही. शेवटी बाबांचं नाव आलं तेव्हा माझ्या घशाला कोरड पडली होती.

२४ मार्च

ममताला मी सगळं समजावून सांगितलं. साक्ष, पास्टर, बारा जणांची निवड, जून. तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, ‘‘तुमची स्मरणिका कपाटात अजून आहे, चिकटपट्टी लावून ठेवलेली. काढून वाचा.’’

या बाईला भलत्या वेळी भलतं आठवतं. त्याचा इथे काय संबंध?

इमेल फ्रिजवरून कोणीतरी काढली आहे.

२७ मार्च

घरात मी एकटा. ममता ड्युटीवर.

काल सकाळी सातच्या गाडीने आई निघाली. दामिनी तिच्यासोबत गेली, दप्तर आणि पत्र्याची पेटी घेऊन. ममताने शाळा सोडल्याचा दाखला पोरीच्या हातात दिला. म्हणजे हे दोघींचं आधीच ठरलं होतं. जूनमध्ये धडगावच्या शाळेत नववीला नाव घालणार आणि राहणार आजीकडे. मी म्हटलं, पाड्यावर नेटवर्क नाही, कोर्सचं काय? पोरगी म्हणाली, ‘‘पप्पा, शेवटचा पाठ झालाय. पेपर टेबलावर आहे, तुम्ही तपासा.’’ वाकून नमस्कार केला तिने मला. त्यापेक्षा भांडली असती तर चाललं असतं.

कोर्सचा नियम असा, की शेवटचा पेपर पालकाने तपासायचा आणि गुण एकतीस तारखेच्या आत भरायचे, तरच प्रमाणपत्र येतं. बत्तिसावा पाठ: कुठलाही एक पुरावा निवडा आणि त्याला तीन प्रश्न विचारा. दामिनीने मराठीत लिहिलं आहे. अक्षर सुंदर आहे, माझ्यासारखं.

पुरावा: माझ्या आजीचा व्हिडिओ.
कोणी सांगितलं? रूपलीबाई रेवजी पावरा, वय अंदाजे सत्तर.
कोणी लिहून घेतलं? तिच्या मुलाने. त्याला पावरी येते.
लिहिणाऱ्याला त्यातून काय मिळालं? मी.

लाल पेन घेऊन सकाळपासून बसलो आहे. पहिलं बरोबर. दुसरंही बरोबर, त्याला काही म्हणता येत नाही. तिसऱ्यावर मी फुली मारली. परवापर्यंत ती घरात होती, तोवर ते उत्तर बरोबर होतं.